मागून आणलेली जागा

फाइल सिस्टिम तिच्याच नोंदीप्रमाणे वीस कोटी सत्त्याण्णव लाख पंधरा हजार दोनशे ब्लॉकची होती. ज्या व्हॉल्यूममध्ये ती होती, ते व्हॉल्यूम दहा कोटी अठ्ठेचाळीस लाख सत्तावन्न हजार सहाशे ब्लॉकचे होते.

करुणा सोमकुवरने दोन्ही आकडे पडद्यावरून कागदावर उतरवून घेतले आणि पहिल्याला दुसऱ्याने भागले. उत्तर दोन आले. बाकी शून्य.

"विचारून राहिला ना कंप्यूटर, ताई," मागे उभे असलेले विनोदभाऊ म्हणाले. "हो का नाई म्हणून. दाबून देऊ का?"

"हात नका लावू."

"पण दुरुस्त करतो म्हणून राहिला."

"जे त्याले सापडत नाही ते मिटवून टाकन, विनोदभाऊ. त्याच्या लेखी तेच दुरुस्त."

मंगळवार होता, सकाळचे साडेनऊ. सौंसरच्या सिकलसेल तपासणी केंद्रात तासभर वीज गेली होती, बॅटरीने तिच्या वयाला शोभेल तेवढी, म्हणजे अकरा मिनिटे, साथ दिली होती, आणि वीज परत आल्यावर सर्व्हर सुरू झाला तो अहवालांचे व्हॉल्यूम जोडून घ्यायला नकार देतच. करुणा केंद्रात चौदा वर्षे प्रयोगशाळा तंत्रज्ञ होती. संगणक आले तेव्हा सायन्स शिकलेली म्हणून तेही तिच्याच गळ्यात पडले, आणि तिने ते पुस्तके वाचून, चुका करून, चुकांच्या तारखा लिहून ठेवून नीट आत्मसात केले होते. विनोदभाऊ नोंदणीच्या टेबलावर बसत. वयाने तिच्याहून सहा वर्षांनी मोठे, पण केंद्रात सगळेच तिला ताई म्हणत, तसे तेही म्हणत.

ब्लॉक म्हणजे डिस्कवरची जागा मोजायचे माप. व्हॉल्यूम म्हणजे डिस्कवर आखून दिलेले आवार. फाइल सिस्टिम म्हणजे त्या आवारातली मांडणी, कोणता कागद कोणत्या फडताळात आहे हे सांगणारी. मांडणी आवारापेक्षा लहान असू शकते. मोठी असू शकत नाही. इथे ती बरोबर दुप्पट होती; म्हणजे अर्धी मांडणी अशा जमिनीवर होती जी अस्तित्वातच नव्हती.

काचेच्या दारापलीकडे बाकावर पंचफुलाबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी उर्वशी. रामाकोन्याहून सकाळच्या पहिल्या गाडीने त्या आल्या होत्या. त्यांना एकच कागद हवा होता.

उर्वशीला सिकलसेल होता. पित्ताशयात खडे झाले होते, दर दोन-तीन आठवड्यांनी ती पोट धरून आडवी होई, आणि शुक्रवारी नागपूरला शस्त्रक्रिया ठरली होती. शस्त्रक्रियेआधी रक्त द्यावे लागणार होते. लहानपणापासून तिला अनेकदा रक्त दिलेले होते, आणि ज्यांना वारंवार रक्त चढते त्यांच्या शरीरात कधीकधी परक्या रक्ताच्या एखाद्या घटकाविरुद्ध अँटीबॉडी तयार होते. उर्वशीच्या शरीरात ती २०१७ साली सापडली होती. पुढे वर्षे गेली की अशी अँटीबॉडी इतकी कमी होते की चाचणीत दिसत नाही. शरीर मात्र विसरलेले नसते. तोच घटक असलेले रक्त पुन्हा दिले, तर आठवड्याभरात शरीर त्या पेशी फोडू लागते, आणि सिकलसेलच्या रोग्यात हे प्रकरण जिवावर बेतू शकते. नागपूरच्या रक्तपेढीला म्हणूनच जुना अहवाल हवा होता: अँटीबॉडीचे नाव. एक शब्द.

ज्या रक्तपेढीने २०१७ ची ती चाचणी केली होती ती बंद पडून पाच वर्षे झाली होती. केंद्रातला कागद स्कॅन झाल्यावर, वाळवी लागलेल्या कपाटाबरोबर, रद्दीत गेला होता. पंचफुलाबाईंकडची फाइल दोन वर्षांमागे बसमध्ये राहिली. तेव्हा त्या रडत आल्या होत्या, आणि करुणा त्यांना म्हणाली होती, "चिंता कायले करता? आपल्याजवळ कंप्यूटरात आहे."

दार ढकलून उर्वशीने डोके आत घातले. "ताई, आई विचारून राहिली, दोनची गाडी भेटन का?"

"थोडा वेळ लागन."

उर्वशीने पडद्याकडे, मग करुणाकडे पाहिले. "माह्यापेक्षा तुमचा कंप्यूटरच जास्त भरती होते, ताई," ती म्हणाली आणि दार लावून घेतले.

करुणाने खुर्ची पुढे ओढली. चारशे जीबीचे व्हॉल्यूम. आठशे जीबीची मांडणी. आठशे हा आकडा तिला अनोळखी नव्हता. वर्षातून तीन दिवस हे व्हॉल्यूम आठशेचे असे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार होते. जाम नदीच्या अलीकडून पांढुर्णा आणि पलीकडून सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, आणि केंद्र नदीजवळ मांडव घालून फुटलेल्या डोक्यांना टाके घालते. मांडवात चार कॅमेरे लावत. कारण एका वर्षी एकाच माणसाला तीन नावांनी तीनदा पट्टी बांधली गेली होती, आणि तिन्ही वेळा तो पट्टीसकट नदीत परत उतरला होता. त्या चित्रीकरणाला जागा लागे. ती सर्व्हरवर नसे. म्हणून पांढुर्ण्याचे मुकुंद, ज्यांचे कॅमेऱ्यांचे दुकान होते, दरवर्षी एक डिस्क वापरायला देत. चित्रीकरणाच्या प्रणालीला एकच फोल्डर ओळखता येई, त्यामुळे डिस्क वेगळी न ठेवता व्हॉल्यूममध्येच जोडून घ्यावी लागे. डिस्क पाचशेची असे, तिच्यातले चारशे घेत; चारशेचे आठशे होत. मेळा आटोपला, हवे ते काढून घेतले, की जागा पुन्हा चारशेवर आणायची आणि डिस्क मुकुंदभाऊंना परत.

परत करण्याचा नियम कडक होता. केंद्राचे अध्यक्ष रघुनाथराव, निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना सर म्हणत, त्यांनी तो घालून दिला होता. पहिल्या वर्षी केंद्राने मागून आणलेल्या सतरंज्या पंधरा दिवस परत केल्या नाहीत, आणि दुसऱ्या वर्षी पांढुर्ण्यात कोणी उशीसुद्धा दिली नाही. तेव्हापासून मेळ्यासाठी आणलेले जे काही असेल, खाटा, पाण्याच्या टाक्या, सलाईनचे स्टँड, ते तिसऱ्या दिवसाचा सूर्य मावळायच्या आत ज्याचे त्याच्या दारात. सर स्वतः फोन करून विचारत. डिस्क आणि सतरंजी यांत नियमाने भेद केलेला नव्हता.

"यंदाची डिस्क परत गेली?" करुणाने विचारले.

"हाव. मागच्या सोमवारीच. मीच नेऊन देल्ली. जागा कमी करून मंगच काढली, ताई, मी तर—"

"ते नंतर. आधी मुकुंदभाऊंचा नंबर लावा."

तिच्या मनात जे आले होते ते तिने विनोदभाऊंना सांगितले नाही. मेळ्याच्या आदल्या दिवशी, डिस्क जोडून झाल्यावर, तिने स्वतः २०१४ ते २०१९ चे सगळे सुटे अहवाल वर्षावार एकेका गठ्ठ्यात बांधले होते. मग जुने सुटे अहवाल पुसून टाकले होते, कारण सर्व्हर गळ्यापर्यंत भरला होता; मोकळी झालेली ती जागा दुसऱ्याच दिवशी मेळ्याच्या चित्रीकरणाने व्यापली. गठ्ठे उघडून तपासलेही होते. सहाच्या सहा ठीक होते. भरलेल्या आवारात नवे सामान जिथे मोकळी जागा असेल तिथेच पडते, आणि गठ्ठे बांधताना मोकळी जागा एकाच ठिकाणी होती: मुकुंदभाऊंच्या डिस्कवर. दुसरी प्रत ज्या डिस्कवर ठेवत ती जूनमध्ये बंद पडली होती. नवी घ्यायचा विषय पुढच्या बैठकीत होता.

डिस्क जशीच्या तशी मिळाली तर काहीच बिघडले नव्हते. सर्व्हर आपल्या आवाराचे जुने नकाशे जपून ठेवतो. डिस्क जोडायची, नकाशा मागच्या तारखेचा लावायचा, आणि आठशेची मांडणी आठशेच्या आवारात पुन्हा बसली असती. पाच मिनिटांचे काम.

"ताई, माह्या दुकानातली वस्तू टायमात परत करणारे तुमीच एक आहा," मुकुंदभाऊ फोनवर आनंदाने म्हणाले. "बाकीचे तर दिवाळीवरी फोन उचलत नाई."

"ती डिस्क आत्ता कुठं आहे?"

"तिगावले. गणपतीच्या मंडळात कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमध्ये बसवली. तिची बुकिंगच होती ना."

"कधी बसवली?"

"मागच्या मंगळवारी संध्याकाळी. बुधवारी बाप्पा बसले."

"बसवायच्या आधी तिच्यात काय आहे ते पाहिलं होतं?"

"कोणाचं काई पाहत नाई आपण, ताई. रेकॉर्डरनं विचारलं फॉरमॅट करू का. म्हटलं, कर." मग, "काऊन? काई राह्यलं का तुमचं त्याच्यात?"

करुणाने कागदावर हिशेब मांडला. कॅमेरे किती, आठ. एका कॅमेऱ्याचे दिवसाचे चित्रीकरण साधारण एवढे. आठांचे एवढे. पाचशे जीबीची डिस्क साडेतीन दिवसांत भरते. भरल्यावर रेकॉर्डर पहिल्या चित्रीकरणावर नवे लिहू लागतो. बुधवारपासून आज मंगळवार. हिशेब चुकीचा असण्याची शक्यता होती: कॅमेरे रात्री बंद ठेवत असतील, दर्जा कमी ठेवला असेल, आठातले चार नुसते शोभेचे असतील. मंडळांत तेही असते. अशा शक्यता तिने मोजल्या, आणि त्या पुरेशा वाटल्या म्हणून नव्हे, तर दुसरे काही करण्यासारखे नव्हते म्हणून, विनोदभाऊंना मोटारसायकल काढायला सांगितली.

बाकावरच्या दोघींना ती म्हणाली, "मी जाऊन येतो. तुमी इथंच बसा, आतमधी पंखा लावून."

"भेटन ना, बाई?" पंचफुलाबाईंनी विचारले.

"पाहून येतो."

रस्त्यात विनोदभाऊंनी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा समोरून ट्रक आला. दुतर्फा कपाशी हिरवी होती आणि संत्र्याच्या बागांत माणसे गळलेली फळे वेचत होती. पांढुर्ण्यात मुकुंदभाऊ दुकानाबाहेर उभेच होते. ते आपल्या स्कूटरवर पुढे झाले.

तिगावच्या मंडळाचा मांडव स्टेशनकडच्या रस्त्यावर होता. रोशन नावाचा मंडळाचा अध्यक्ष, तिशीतला, ज्याच्या गळ्यातल्या कार्डावर अध्यक्ष असेच लिहिले होते, त्यांना मूर्तीमागच्या पडद्याआड घेऊन गेला. रेकॉर्डर एका उलट्या टोपल्यावर ठेवला होता. छोट्या पडद्यावर आठ चौकटी दिसत होत्या. आठही चालू होत्या.

"दर्जा कोणता ठेवला?" करुणाने विचारले.

"सगळ्यात भारी," रोशन अभिमानाने म्हणाला. "गेल्या साली चेहराच दिसत नव्हता चोराचा. दानपेटीत हात होता, पण चेहरा नाई. यंदा म्हटलं, नाकावरचा मस दिसला पायजे."

"रात्री बंद करता?"

"रात्रीच तर चोर येते, ताई."

मुकुंदभाऊंनी माऊस घेतला आणि यादी उघडली. रेकॉर्डरमध्ये सर्वांत जुने चित्रीकरण कोणत्या वेळेचे आहे, एवढेच तिला पाहायचे होते. बुधवारचे असेल, तर डिस्कचा काही भाग अजून कोरा, म्हणजे तिच्या गठ्ठ्यांसाठी शाबूत असू शकत होता.

सर्वांत जुने चित्रीकरण शनिवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांचे होते.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार आणि अर्धा शनिवार डिस्कवर नव्हते, कारण त्यांच्यावर पुढचे दिवस लिहिले गेले होते. याचा अर्थ डिस्क काठोकाठ एकदा भरली होती आणि पुन्हा पहिल्यापासून भरली जात होती. ज्या जागेवर एकदाही काही लिहिले गेले नाही अशी जागा तिच्यावर शिल्लक नव्हती.

"यादी खाली न्या," तिने सांगितले. मुकुंदभाऊंनी नेली. खाली काही नव्हते.

"काढून देऊ का डिस्क?" मुकुंदभाऊ हळू आवाजात म्हणाले. "नागपुरात रिकव्हरीवाले आहे. माह्या वळखीचा एक—"

"पुसलेलं परत येते, मुकुंदभाऊ. ज्याच्यावर दुसरं लिहिलं ते नाही येत."

"डेरिंग करून पाहाले काय जाते?"

"जात काही नाही. येतही नाही."

रोशनला एवढे कळले होते की कोणाचे तरी महत्त्वाचे कागद गेले. त्याने प्रसादाचा पेढा तिच्या हातावर ठेवला. "बाप्पा करन ठीक, ताई," तो म्हणाला. करुणाने पेढा घेतला. चौथ्या चौकटीत, मांडवाच्या प्रवेशद्वारावरच्या कॅमेऱ्यात, मोटारसायकलीजवळ खाली मान घालून उभे असलेले विनोदभाऊ दिसत होते, आणि तेही डिस्कवर लिहिले जात होते.

सौंसरला परत येईपर्यंत चार वाजले. येताना तिने मुकुंदभाऊंकडून दुसरी, कोरी डिस्क आणली होती. मूळ व्हॉल्यूमची जशीच्या तशी नक्कल आधी काढली, मग आवार नव्या डिस्कच्या जोरावर पुन्हा आठशेचे केले. आता मांडणी आवारात मावत होती. व्हॉल्यूम केवळ वाचण्यापुरते जोडून घेतले, आणि या वेळी सर्व्हरने नकार दिला नाही.

चालू वर्षाचे अहवाल होते. मागच्या तीन वर्षांचे होते. जुन्या फोल्डरमध्ये सहा गठ्ठे, सहाही नावांनिशी, ओळीने. २०१७ चा गठ्ठा: आकार बरोबर, तारीख मेळ्याच्या आदल्या दिवसाची, वेळ तिने तो बांधला तीच.

विनोदभाऊंनी श्वास सोडला. "भेटलं! ताई, भेटलं ना!"

करुणाने गठ्ठ्याचे पहिले काही अंक पडद्यावर काढून पाहिले. शून्य, शून्य, शून्य, शून्य. मधले काढले. शून्य. शेवटचे काढले. गठ्ठ्याचे नाव, आकार आणि तारीख मूळ चारशेत लिहिलेली होती. गठ्ठ्यातला मजकूर पलीकडच्या चारशेत होता, आणि पलीकडे आता मुकुंदभाऊंची कोरी डिस्क होती.

"हे काय आहे?" विनोदभाऊंनी विचारले.

"पाटी आहे. घर नाही."

विनोदभाऊ नोंदणीच्या टेबलावर जाऊन बसले आणि बसूनच राहिले.

दोनची गाडी केव्हाच गेली होती. पंचफुलाबाई आणि उर्वशी अजून तिथेच होत्या. करुणा वही घेऊन त्यांच्यासमोर बसली आणि कागद मिळणार नाही हे तिने एका वाक्यात सांगितले. पंचफुलाबाईंनी पदर तोंडाशी नेला, मग लगेच खाली केला, जणू वेळ दवडायचा नव्हता.

"माह्या ध्यानात आहे थोडंसं," त्या म्हणाल्या. "इंग्रजी होतं. डाक्टरनं खालून लाल रेघ मारली होती."

"नाव आठवते का? मी नावं घेतो. ओळखीचं वाटलं तर सांगा. केल?"

"हाव!" पंचफुलाबाई लगेच म्हणाल्या. "केलच. केलच होतं, बाई."

करुणाने पेन उचलले नाही. "डफी?"

पंचफुलाबाईंनी क्षणभर विचार केला. "डफी... हाव. डफी बी. दोन होते वाटते. आता आठवलं."

"किड?"

"ते बी असन."

करुणाने पुढचे नाव स्वतःच्या मनाने बनवले. अशी अँटीबॉडी जगात नव्हती. "लिंटन?"

"लिंटन," पंचफुलाबाई आशेने म्हणाल्या. "हाव, लिंटन. लाल रेघ त्याच्याच खाली होती."

करुणाने वही मिटली. उर्वशी आईकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"ताई, आता नका विचारू तिले," ती म्हणाली. "तुमी वांगं म्हटलं तरी हाव म्हणन ते. तिले फक्त मले वाचवाचं आहे."

"कोणी म्हटलं वांगं?" पंचफुलाबाई चिडून म्हणाल्या. "मी खरं सांगून राहिली!" आणि मग त्यांना रडू आले.

बुधवारी सकाळी करुणाने नागपूरच्या रक्तपेढीच्या डॉक्टर नेहा यांना फोन केला. त्यांनी मध्ये न बोलता सगळे ऐकून घेतले.

"आमची नवी चाचणी निगेटिव्ह आहे," त्या म्हणाल्या. "पण नुसत्या तिच्या आधारावर मी रक्त सोडू शकत नाही. आणि रक्त हाताशी असल्याशिवाय सर्जन चाकू लावणार नाहीत."

"मग?"

"तिच्या पेशींचा जनुकीय नमुना मुंबईला पाठवू. तिच्यात कोणते घटक नाहीत ते कळेल. ते घटक असलेलं सगळं रक्त टाळायचं. पण त्याला तीन-चार आठवडे लागतील, आणि तसं रक्त मिळायला आणखी किती, ते मला सांगता येत नाही."

"मधल्या काळात पोट दुखलं तर?"

"तर आणा. दुखणं थांबवू." पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "शुक्रवारची तारीख मी काढून टाकते. तुम्ही मला लेखी द्या, की २०१७ ची नोंद मिळणार नाही. आणि का मिळणार नाही. नुसतं तांत्रिक कारण असं लिहू नका. उद्या कोणी म्हणेल नोंद सापडेल, दोन दिवस थांबू, दुसरी डिस्क शोधू. मला ते दार बंद झालेलं कागदावर हवं."

रघुनाथरावांनाही तिने कळवले. "पण आपण डिस्क तिसऱ्या दिवशी परत केली होती ना?" सर गोंधळून म्हणाले. "वेळेत?"

"वेळेत केली, सर."

"मग आपल्याकडून चूक कुठं झाली?"

कोणती गोष्ट गेली आणि कुठे गेली, हे तिला माहीत होते. मांडणी आठशेची राहिली आणि आवार चारशेचे झाले ते कसे, हे तिने मुद्दामच पाहिले नव्हते. डिस्क शोधताना त्याचा उपयोग नव्हता. आता पत्रासाठी होता. सर्व्हर आवारात कोणताही बदल करण्याआधी एक नोंद ठेवतो: कोणत्या आज्ञेपूर्वी, कोणत्या दिवशी, किती वाजता. तिने ती यादी उघडली. सोमवार, मेळ्यानंतरचा तिसरा दिवस, बारा वाजून एक्केचाळीस मिनिटे: व्हॉल्यूम चारशे जीबीवर आणण्याची आज्ञा. बारा सेहेचाळीस: मागून आणलेली डिस्क गटातून काढण्याची आज्ञा. मग टंकलेल्या आज्ञांचा क्रम पाहिला. या दोहोंच्या मध्ये फाइल सिस्टिम लहान करण्याची आज्ञा होती. ती नाकारली गेली होती, कारण चालू असलेली फाइल सिस्टिम लहान करता येत नाही. पण तोवर आवार आधीच अर्धे झालेले होते. चालता सर्व्हर आठ दिवस त्याच मांडणीवर चालत राहिला. नवे अहवाल उघडत होते. जुने कोणी मागितले नाहीत. वीज गेली तेव्हा सर्व्हरने पहिल्यांदा मोजले.

तिने विनोदभाऊंना बोलावले आणि ओळी दाखवल्या. "आवार आधी कमी केलं?"

"हाव."

"कमी करताना त्यानं विचारलं असन, डेटा नष्ट होऊ शकतो म्हणून."

"विचारलं. तो तर वाढवतांनी बी काई ना काई विचारते." विनोदभाऊंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "काल रस्त्यात सांगतच होतो, ताई. सोमवारी तुमी नागपुरात होत्या, उर्वशीसंगं, तपासणीले. मले फक्त वाढवाचं शिकवलं होतं तुमी. कमी कराचं नाई. सरचा दोनदा फोन आला, डिस्क गेली का म्हणून. म्हणून तुमाले फोन केला."

"मी काय म्हटलं?"

"वाढवतांनी जे केलं तेच करा, म्हटलं, त्याच क्रमानं. फक्त वाढवाच्या जागी कमी. अन् उर्वशीचा नंबर पुकारला म्हणून फोन ठेवला."

करुणाने आपल्या फोनची यादी काढली. सोमवार, बारा वाजून बत्तीस मिनिटे, विनोदभाऊ, एकवीस सेकंद. तिला रुग्णालयाची मार्गिका आठवली, हातातली चिठ्ठी आठवली. वाक्य आठवले नाही. पण पंचफुलाबाईंच्या बाबतीत जो न्याय तिने लावला होता, तोच तिने स्वतःला लावला. आपली आठवण बाजूला ठेवली आणि नोंद जे म्हणते ते मानले. आज्ञांचा क्रम त्या वाक्याशी तंतोतंत जुळत होता.

वाढवताना आधी आवार मोठे करतात, मग त्यात मांडणी पसरवतात. कमी करताना आधी फाइल सिस्टिम बंद करून मांडणी आवरतात, मग आवार लहान करतात. हे तिला माहीत होते. दरवर्षी तिने स्वतः तसेच केले होते.

तिने केंद्राचा छापील कागद घेतला आणि हाताने लिहिले:

"रुग्ण उर्वशी, रामाकोना, हिचा २०१७ चा अँटीबॉडी अहवाल उपलब्ध नाही व यापुढे होणार नाही. ज्या डिस्कवर तो होता ती संपूर्ण पुन्हा लिहिली गेली आहे. हे मी स्वतः पाहिले आहे. दुसरी प्रत नाही. अहवाल पॉझिटिव्ह होता एवढे निश्चित. नाव निश्चित नाही, व कोणाच्या आठवणीवरून ते धरू नये.

कारण: उसनी डिस्क परत करण्यासाठी सर्व्हरवरील व्हॉल्यूम लहान करताना आधी फाइल सिस्टिम लहान करणे आवश्यक होते. ती लहान न करता व्हॉल्यूम लहान करण्यात आले. त्यामुळे जुने अहवाल व्हॉल्यूमच्या बाहेर राहिले व डिस्कसोबत गेले. हा उलटा क्रम मी, करुणा सोमकुवर, फोनवरून सांगितला होता."